यादीतलं पहिलं कारण

दाखले खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या संगणक कक्षात एक गृहस्थ बसायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. तळमजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळी कचेरी त्यांना रीस्टार्टराव म्हणायची. कारण फोन उचलला, की पलीकडचा माणूस काय म्हणतोय हे पुरतं कानात शिरायच्या आत ते विचारायचे, "बंद करून चालू केलंत का?"

त्या प्रश्नाला एक चाल होती. 'बंद करून' सपाट, 'चालू' वर ओढलेलं, आणि 'केलंत का' म्हणताना आवाज असा खाली बसायचा, की समोरच्याचा गुन्हा शाबीतच झाला. तळमजल्यावरचे शिपाईमामा ती चाल हुबेहूब काढायचे. कुणी नुसती जांभई दिली तरी मामा सुरू, "बंद करून चाऽऽलू केलंत का?" आणि खिडक्यांमागच्या बायका तोंडाला रुमाल लावून हसायच्या.

माणूस म्हणून रीस्टार्टराव वाईट नव्हते. तीन मजले, एकशे चाळीस संगणक, आणि कक्षात माणसं दोन, ते आणि त्यांचा जोडीदार. तक्रार करायची रीत अशी, की जिन्यात उभं राहून वर बघायचं आणि ओरडायचं, "अहो, माझं गेलं!" काय गेलं, कुठे गेलं, ते खाली उतरून विचारायचं. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग सेवा सुधारायला म्हणून नव्या अधिकारी बाई आल्या. त्या कुठलीही गोष्ट कागदावर उभ्या-आडव्या रेघांत मांडून बघायच्या, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं 'आलेखबाई' असं बारसं झालं. पहिल्याच दिवशी त्या संगणक कक्षात स्टुलावर तीन तास बसल्या आणि फोन ऐकत राहिल्या.

"दिवसाला किती तक्रारी येतात?" त्यांनी विचारलं.

"खूप," रीस्टार्टराव म्हणाले.

"खूप म्हणजे किती?"

"खूप म्हणजे... पुष्कळ."

आलेखबाईंनी ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे. पण महिन्याभरात जिन्यातली ओरड थांबली. आता प्रत्येक तक्रार संगणकावर नोंदवायची, तिला नंबर मिळायचा, घड्याळ सुरू व्हायचं, आणि काम झालं की यादीतून कारण निवडून तक्रार बंद करायची. कारण निवडल्याशिवाय ती बंद होणार नाही.

"कारणं कोणकोणती असतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?" आलेखबाई म्हणाल्या. "यादी तुम्हीच करा."

रीस्टार्टरावांची छाती दोन बोटं फुगली. कोरा कागद पुढे ओढला, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या हेडक्लार्कचा फोन. संगणक मेलाय, ताबडतोब या. धावत गेले, तर प्लगच लावलेला नव्हता. वर हेडक्लार्क म्हणतात, "मग आधी फोनवर नाही का सांगायचं?" रीस्टार्टराव धुमसत वर आले आणि त्या धगीतच कागदावर पहिलं कारण लिहिलं: वापरणाऱ्याची चूक. राग ओसरल्यावर खाली आणखी अकरा लिहिली. वायर, प्रिंटर, नेटवर्क, जुनं यंत्र वगैरे.

आलेखबाईंनी यादी वाचली. "हे पहिलं का?"

"अनुभव, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी विश्वास ठेवला.

आता झालं असं, की तक्रार बंद करायला गेलं की यादीतलं पहिलं कारण आपोआप निवडलेलं यायचं. दुसरं हवं तर यादी उघडा, खाली सरका, शोधा. पहिलं हवं तर नुसतं बटण दाबा. रीस्टार्टरावांच्या बोटाला हे मेंदूच्या आधी कळलं. तक्रार आली, फोनवर 'बंद करून चालू' झालं, बटण, संपलं. सरासरी चार मिनिटं. जोडीदाराला लागायची अकरा. सोमवारच्या बैठकीत आलेखबाईंनी त्यांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, आणि तळमजल्यावरच्या फळ्यावर 'सर्वांत जलद सेवा' या मथळ्याखाली ते झळकलं.

घरी त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात नवाच खेळ सुरू झाला. त्यांनी म्हणावं, "चहात साखर कमी आहे गं," की ती आतून म्हणायची, "पिणाऱ्याची चूक!" उशी सापडत नाही? झोपणाऱ्याची चूक. रीस्टार्टराव पोट धरून हसायचे.

असे सहा महिने गेले.

एका सोमवारी आलेखबाईंनी भिंतीवर आलेख लावला. तळमजल्यावरच्या बारा खिडक्या, प्रत्येकीची एक काठी. अकरा काठ्या बागेच्या कुंपणाएवढ्या, आणि मध्येच एक विजेच्या खांबासारखी ताठ.

"खिडकी सात," आलेखबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांत त्रेसष्ट तक्रारी. आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट वापरणाऱ्याची चूक."

मागच्या रांगेत कुणीतरी शीळ घातली.

"मला कुणाचा अपमान करायचा नाही," आलेखबाई पुढे म्हणाल्या. "पण रांगेतल्या माणसाला तीन-तीनदा नाव सांगावं लागतंय. बाईंना पुढच्या सोमवारपासून तळघरात, जुन्या दफ्तरांच्या खोलीत बसवू. तिथे संगणक नाही, त्यांनाही ताण नाही. तुमचं काय मत?" त्यांनी रीस्टार्टरावांकडे बघितलं. "त्यांच्या तक्रारी तुम्हीच बघता ना?"

रीस्टार्टरावांनी नजर आलेखावरून काढून टेबलावर नेली. कारण सात नंबरला काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तिथली वायर भिंतीतून निघून लोखंडी कपाटाच्या पायाखालून खिडकीकडे गेली होती. शिपाईमामांनी फाईल काढायला कपाटाचं दार ओढलं, की कपाट कलायचं, पाय वायरीवर दाबायचा, आणि दोन क्षण जोडणी तुटायची. नेमकं त्याच वेळी 'जतन' दाबलं असेल, तर भरलेला सगळा अर्ज गायब. पहिल्याच आठवड्यात ते खाली जाऊन, वाकून, बघून आले होते. "उद्या पट्टी मारतो," असंही म्हणाले होते. तो उद्या काही उगवला नव्हता.

आता ते सांगायची वेळ होती. पंधरा माणसं बघत होती. दाराच्या फटीतून 'सर्वांत जलद सेवा'च्या फळ्याचा कोपरा दिसत होता.

"आकडे तर... आकडे समोरच आहेत, मॅडम," ते उभे राहून म्हणाले.

आणि बसले. खुर्ची तीच होती, पण काहीतरी टोचत होतं.

सात नंबरवर बसायच्या त्या काकू. कचेरीत सगळे त्यांना नुसतं काकू म्हणत. तीस वर्षं खिडकीवर काढलेली बाई. निवृत्तीला चौदा महिने. रीस्टार्टराव नोकरीला नवे लागले, तेव्हा कुठल्या साहेबांपुढे उभं राहून बोलायचं आणि कुठल्या साहेबांपुढे बसून, हे काकूंनीच शिकवलेलं. पहिला महिनाभर त्यांच्या डब्यातला अर्धा घासही काकूंनी याच पोराच्या पुढे सरकवलेला.

त्या शुक्रवारी, कचेरी सुटायच्या बेताला, काकू दुसऱ्या मजल्यावर आल्या. धापा टाकत.

"आहेस का रे?"

"या काकू, बसा. काय झालं?"

"व्हायचं काय आणखी? सोमवारपासून तळघरात. तुझ्या कानावर आलंच असेल." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली. "जायच्या आधी एकदा मला नीट शिकव. माझं कुठे चुकतंय, तेवढं सांग. खिडकी गेली तर गेली, पण कळलं तर पाहिजे."

वही चौकड्यांची, पुठ्ठ्याला तपकिरी कागद चढवलेला. रीस्टार्टरावांनी उघडली. पानोपान निळ्या शाईत लिहिलेलं: 'अकरा वीस. नाव भरले. वडिलांचे नाव भरले. पत्ता भरला. जतन दाबले. सर्व गेले. रांगेतले आजोबा रागावले. पुन्हा भरले.' त्याखाली लाल शाईत: 'उत्तर आले, वापरणाऱ्याची चूक.' आणि त्याखाली, अधोरेखित: 'पुढच्या वेळी जतन हळू दाबावे.'

पुढच्या पानावर: 'पुढच्या वेळी चष्मा पुसून बसावे.'

त्याच्या पुढच्या: 'पुढच्या वेळी दाबताना कुणाशी बोलू नये.'

'पुढच्या वेळी श्वास रोखून दाबावे.'

रीस्टार्टरावांनी पान उलटायचं थांबवलं.

"काकू, एवढं लिहीत बसायची काय गरज होती? बाकीच्यांचंही जातंच की अधूनमधून. ते कुठे तक्रारी करतात?"

"परिपत्रकात लिहिलंय ना, प्रत्येक अडचण नोंदवावी म्हणून? मग नोंदवायला नको?" काकूंना हा प्रश्नच कळला नाही. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला भलतीच भीती वाटायला लागलीय. आमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी बारीकसारीक. शेवटी मलाच विचारायचे, तुम्ही कोण? म्हणून परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. कुणाला बोलले नाही."

"काय म्हणाले?"

"शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले. गेले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... पार दोनपर्यंत. कुठे अडखळले नाही. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी म्हटलं, असं कसं म्हणता? माझ्याकडे सरकारी नोंद आहे. त्रेसष्ट वेळा." काकू हसल्या, पण डोळे नाही हसले. "स्कूटरची किल्ली लेकीकडे देऊन टाकली. रस्त्यात कुणाला धडकले-बिडकले तर?"

रीस्टार्टरावांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"चल, दाखव बघू," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी दाखवलं! हे नाव, हा पत्ता, हे जतन. काकूंनी त्यांच्यासमोर पाच अर्ज भरले. बोटं अशी चालत होती, की रीस्टार्टरावांना नजरेनंही गाठता येईना. पाचही अर्ज बिनचूक जतन झाले.

"बघ," काकू म्हणाल्या, "तुझ्यापुढे सगळं बरोबर येतं. म्हणजे खाली माझंच मन थाऱ्यावर नसतं."

आता बोल, रीस्टार्टराव स्वतःला म्हणाले. तोंड उघडलंही.

"सराव ठेवा, काकू," तोंडातून बाहेर आलं.

"ठेवीन हो," असं म्हणून काकूंनी ते वहीत लिहून घेतलं.

सुट्टीचे दोन दिवस रीस्टार्टरावांनी घरात येरझारा घालत काढले. बायकोनं साखर नेमकी घातली होती तरी चहा घशाखाली उतरेना. "काय कमी आहे?" तिनं विचारलं. त्यांनी कप बाजूला सारला. तिनं 'पिणाऱ्याची चूक' म्हटल्यावर मात्र ते असे दचकले, की ती बिचारी गप्पच झाली.

सोमवारी सकाळी साडेआठला, कचेरी उघडायच्या आधी, ते तळमजल्यावर हजर. कपाट सरकवलं, वायर बाहेर काढली, भिंतीच्या कडेनं फिरवली, वर प्लास्टिकची पट्टी ठोकली. घड्याळ लावून मोजली तर सात मिनिटं.

"काय हो रीस्टार्टराव," झाडू मारणारे मामा म्हणाले, "आज फोनवरून नाही? जातीनं?"

"तुम्ही आपलं काम करा."

त्यांचा हिशेब साधा होता. आता तक्रारी येणार नाहीत. दोन-चार आठवड्यांत सगळे विसरतील. मग हळूच मॅडमना सुचवायचं, काकूंना परत आणू या का? कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही. पण दहा वाजता सात नंबरवर एक तरुण कारकून येऊन बसला, आणि त्याच्या मागून काकू पिशवी घेऊन तळघराचा जिना उतरताना दिसल्या, कठडा धरून, एकेक पायरी. तेव्हा कुठे रीस्टार्टरावांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. पट्टी गेल्या सोमवारीच मारली असती, तर आठवडाभर काकूंची एकही तक्रार आली नसती. आज मारली, आता ते श्रेय या तरुणाला मिळणार.

आठवडा गेला. पुढच्या सोमवारी आलेखबाईंनी नवा कागद लावला. खिडकी सातवर काठीच नव्हती.

"बघा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "एक माणूस हलवला, एकही तक्रार नाही. मोजलं म्हणून कळलं. नाही तर बाई आणखी चौदा महिने तिथेच चुकत बसल्या असत्या."

"वयच झालं हो त्यांचं," हेडक्लार्क म्हणाले.

रीस्टार्टराव उभे राहिले. कशाला उठलो, हे त्यांनाही नीट कळलं नसावं.

"त्यांचं नाही चुकलं," ते म्हणाले. "वायर होती. कपाटाखाली. मला माहीत होतं. गेल्या सोमवारी सकाळी मी ती काढली, म्हणून तक्रार नाही. नवा माणूस बसला म्हणून नाही."

"पण नोंदीत तर वापरणाऱ्याची..."

"ते पहिलं कारण आहे, मॅडम. आपोआप येतं. मी नुसतं बटण दाबायचो. यादीही मीच..."

आणि मग, ज्याची त्यांनी स्वप्नातही कल्पना केली नव्हती ते झालं. लोक हसले.

"अहो, एवढंच ना!" जोडीदार म्हणाला. "घाईच्या वेळी मीपण तेच दाबतो."

"आम्ही तर समजत होतो, तीच रीत आहे," आणखी कुणी बोललं. हेडक्लार्कांनी मामांची चाल उचलली, "दाबणाऱ्याची चूऽऽक!" पुन्हा हशा. कुणी रागावलं असतं, दोन शब्द सुनावले असते, तर रीस्टार्टरावांना बरं वाटलं असतं. हसण्यात सगळे त्यांना आपल्यातलाच एक म्हणून जागा करून देत होते, आणि त्या जागेवर बसणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

आलेखबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी आलेख भिंतीवरून काढला, दोन्ही हातांनी, चारही टाचण्या काढून, आणि त्याची घडी करत बसल्या.

"त्या बाईंना तळघरात मी पाठवलं," शेवटी त्या म्हणाल्या. "खिडकी त्यांना परत द्यायला मी आज जाईनच. पण त्याआधी तुम्ही जा. त्रेसष्ट नोंदी त्यांच्यासमोर दुरुस्त करा. एकेक. आणि यादीत आपोआप काही निवडून येणार नाही, हे आजच्या आज करा."

तळघरात एकच दिवा आणि दफ्तरांचे गठ्ठे. काकूंनी आठवड्यात अर्धी खोली लावून काढली होती. रीस्टार्टराव काखेत लॅपटॉप घेऊन दारात उभे राहिले, आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. वायर, पट्टी, बटण, 'आकडे समोरच आहेत', खिडकी आजच परत मिळणार आहे तेही, सगळं. सांगताना नजर काकूंच्या चपलांवर होती.

"कधीपासून माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

"त्या दिवशी मी वर आले तेव्हाही?"

"हो."

काकूंनी एक गठ्ठा उचलला, दोरी आवळली, परत ठेवला.

"मी डॉक्टरांशी भांडले रे," त्या म्हणाल्या. "ते बिचारे बरोबर सांगत होते."

"काकू, मला माफ..."

"ते राहू दे. बस तिथे." त्यांनी पिशवीतून फोन काढून लेकीला लावला. "हॅलो? किल्ली कुठे ठेवलीस माझी? स्कूटरची गं. नाही, काही झालं नाही. काढून ठेव." फोन ठेवला, चष्मा चढवला, वही उघडली. "हं. नंबर एक. अकरा वीस. आजोबा."

रीस्टार्टरावांनी यादी उघडली, खाली सरकले, 'वायर' निवडलं. नंबर दोन. उघडा, सरका, वायर. नंबर तीन. काकू वाचत होत्या, एकही शब्द न गाळता, 'श्वास रोखून दाबावे' सकट. चार मिनिटांत एक तक्रार बंद करणाऱ्या माणसाला एकेक ओळ ऐकायला लागत होती.

"सतरा," काकू थांबल्या. "ही नको बदलूस. इथे मी आईचं नाव वडिलांच्या जागी भरलं होतं. माझीच चूक."

"असू दे काकू, सगळ्याच बदलतो."

"का म्हणून?" काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुझ्यासारखं सरसकट करायचं का मी? झाली ती चूक माझी आहे, ती राहू दे माझ्या नावावर. पुढे बोल. अठरा."

त्यांनी मुकाट्यानं अठरा उघडली. एक्केचाळिसावीही काकूंनी तशीच राखली. तिथे त्यांनी 'जतन' सोडून 'पुसा' दाबलं होतं. त्रेसष्टावी झाली तेव्हा जेवणाची सुट्टी टळून गेली होती. एकसष्ट वायरी, दोन काकूंच्या.

काकूंनी शेवटच्या पानावर निळ्या पेनानं लिहिलं, 'पुढच्या वेळी वायर बघावी.' अधोरेखित केलं. मग वही आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं, पूर्वी डबा सरकवायच्या तशीच. "आता तू लिही. तुझं पुढच्या वेळचं."

रीस्टार्टरावांनी पेन धरलं. अक्षर तिसरीतल्या पोरासारखं आलं: 'पुढच्या वेळी खाली जाऊन बघावे.'

काकूंनी वाचलं. "कधी?"

त्यांनी पुढे जोडलं, 'लगेच.'

"लगेच म्हणजे किती?"

त्यांनी 'लगेच' खोडलं आणि वर लिहिलं, 'दहा मिनिटांत'. काकूंनी वही मिटली, पिशवीत टाकली, आणि त्यांची वाट न बघता, कठड्याला हात न लावता, जिना चढून वर खिडकीकडे गेल्या.